रविवारचा जबाब

आमची सून शालू संध्याकाळी पुस्तक घेऊन बसली की मला पळून जावंसं वाटायचं. हसू नका. दिवेलागणीची येळ, दारात कोथिंबिरीचा ढीग, मी, माझी बायको मुक्ताबाई आन शालू जुड्या बांधायला बसल्यालो, आन ही पोरगी म्हणणार, "मामा, मला साधी दुखापत आणि गंभीर दुखापत यातला फरक विचारा." मी सातवी पास. पुस्तक माझ्या मांडीवर, उत्तरं मागल्या पानावर. म्या इचारायचं, तिनं जुडी बांधता बांधता सांगायचं. हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, तर गंभीर. न्हायतर साधी.

"अगं दिवा लावलाय, देवाचं नाव घ्या की जरा," मुक्ताबाई वसकन अंगावर यायची. "काय ती हाडं न् दात!"

"आत्या, रविवारी परीक्षा आहे. देवानं हाच प्रश्न काढला तर?" शालू म्हणायची.

परीक्षा सरकारी नोकरीची. नोकरी कसली, तर कुणा बाईला मारहाण झाली, कुणाची अब्रू घेतली, लेकराला कुणी छळलं, तर त्या माणसाबरोबर दवाखान्यात जायचं, चौकीत जायचं, कोर्टात जायचं, राहायला जागा नसली तर ती बघून द्यायची. म्या म्हणालो, "म्हंजे रोज दुसऱ्याचं रडगाणं ऐकायचं आन त्याला पगार?"

"हो मामा. आणि आधी परीक्षा," ती म्हणाली.

आन इषय तरी किती! मराठी, इंग्रजी, गणित, बुद्धीची कोडी, राज्यघटना, फौजदारी कायदा, बायकापोरांचे कायदे, दवाखान्यात तपासणी कशी व्हती त्याचा एक. शेवटचा समुपदेशन. ह्यो शब्दच माझ्या तोंडात बसंना. दुखावलेल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याचं शास्त्र. का गेलीस, का बोललीस, असं इचारायचं न्हाय. घाई करायची न्हाय. तिच्या वतीनं आपण बोलायचं न्हाय. मला नवलच वाटलं. बोलावं कसं, ह्याचीबी सरकार परीक्षा घेतंय.

सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेत ती मध्ये काही दिस जायची. तिथल्या पोरी मोठ्या साहेबाच्या परीक्षेच्या. एकीनं हिला इचारलं, "तू कुठल्या पोस्टची करतेस?" हिनं सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, ती! पण ती फार डिप्रेसिंग आहे ना?" त्या दिवसापासून शालू घरीच अभ्यास करायला लागली. जुड्या बांधता बांधता केलेला अभ्यास डोक्यात चांगला बसतो म्हणायची. आम्हाला काय, दोन हात जादा मिळाले.

आमचं रान वारज्यात. अकरा गुंठे उरलंय. तिन्ही बाजूंनी बिल्डिंगी, चौथ्या बाजूला माझ्या पुतण्याचं, दिगंबरचं रान. वरून बाल्कनीतली माणसं आमची मेथी बघत्यात आन खाली प्लास्टिक टाकत्यात. विहीर सामाईक, पण ती दिगंबरच्या हद्दीत. मोटारीचा डबा त्याच्या भिंतीवर, त्याला कुलूप, किल्ली त्याच्याकडं. पाण्याची पाळी कागदावर निम्मी निम्मी. त्यो देईल तवा आमचं पाणी.

दिगंबर माझ्या थोरल्या भावाचा पोरगा. आईबाप दोघंबी गेले, तवा त्याला मिसरूड फुटत व्हतं. आता त्याचे दोन जेसीबी, दारात काळी गाडी, गळ्यात साखळी. त्याच्या डोक्यावर वडीलधारं म्हणून मीच. वडीलधारा कसला! त्याची गाडी वाजली तरी मी बांधावरून खाली उतरायचो. भ्यालेला माणूस हाय मी. लहानपणापासून हाय. बैल मारका निघाला की दावं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असं माझं सारं आयुष्य गेलं.

वैशाख चालू व्हता. विहिरीनं तळ गाठलेला. मंगळवारी पहाटे पाळी व्हती म्हणून खोरं घेऊन मी रानात गेलो, तर गुरासाठी केलेल्या मक्यात काहीतरी हाललं. मला वाटलं डुक्कर. खोरं उगारून मी "हुर्र" केलं. आतून आवाज आला, "तात्या, मी हाय."

दिगंबरची बायको कुसुम. उकिडवी बसल्याली. खालचा ओठ फाटल्याला, डावा हात मांडीवर धरल्याला, मनगट सुजून भाकरीएवढं झाल्यालं. अंगावर रात्रीचा गाऊन आन त्याच्यावर माझ्याच रानातलं पोतं घेतल्यालं. मला कुठं बघावं कळंना. म्या म्हणालो, "चल घरात."

आता आमच्या भावकीत एक रीत हाय. भांडून उंबऱ्याबाहेर पडल्याली सून माहेरी जात न्हाय. ती भावकीतल्या थोरल्या घरी येती. तिला चहापाणी करायचं, तोंड धुवायला लावायचं, नारळ, तांदूळ, खण घालून ओटी भरायची आन थोरल्या घरच्या नवराबायकोनी तिला नेऊन सोडायचं. नवरा उंबऱ्यात येऊन थोरल्यांच्या पाया पडतो. तिथं इषय मिटला. का झालं, कसं झालं, कुणी कुणाला इचारायचं न्हाय. मोठमोठी भांडणं आमच्यात अशी मिटल्यात. चौकी कुणी बघितली न्हाय, अन् ह्याचा आम्हाला अभिमान.

मुक्ताबाईनं चूल पेटवली. कुसुमनं एका हातानं तोंड धुतलं. शालू मोरीच्या दारात हुबी व्हती, केस इस्कटल्याले, हातात पुस्तक. ती म्हणाली, "मामा, त्यांचा हात डॉक्टरला दाखवायला पाहिजे. फोटो काढायला पाहिजे हाडाचा."

"तू तुझं पुस्तक बघ," म्या म्हणालो. लई कडू आवाजात म्हणालो. भ्यालेल्या माणसाचा आवाज घरातच चढतो.

शालू पुस्तक घेऊन आत गेली. माझा पोरगा मच्छिंद्र कंपनीची बस चालवतो, त्यो पहाटंच गेल्याला. घरात असता तरी त्यानं काय केलं असतं, देव जाणे. दिगंबर आन त्यो एका ताटात जेवल्याले.

मुक्ताबाईनं ओटी भरली. एका हातानं पदर धरता येईना म्हणून नारळ घसरत व्हता, तर मुक्ताबाईनं त्यो पिशवीत घालून तिच्या खांद्याला अडकवला. आम्ही निघालो. पुढं मी, मागं दोघी. उन्हं वर आली व्हती. दिगंबर आंघोळ करून, गंध लावून उंबऱ्यात हुबा. वाकून माझ्या पाया पडला. इतका सरळ पडला की मला बरं वाटलं. "या तात्या, चहा घ्या," म्हणाला. चहा घेतला. कुसुम आत गेली ती बाहेर आली न्हाय. येताना त्यानं मोटार चालू करून दिली. मेथीत पाणी सळसळलं, तवा म्या मनात म्हणालो, चला, सुटलो.

पण घरात काहीतरी बिनसलं. संध्याकाळी म्या पुस्तक मांडीवर घेतलं आन इचारलं, "पीडित व्यक्ती कुणाला म्हणायचं?" शालूला येईना. हेच उत्तर तिनं मला झोपेत सांगितलं असतं. म्या दुसरा इचारला, तिसरा इचारला. ती नुसती कोथिंबिरीच्या काड्या मोडत बसली.

"आत्या, पुन्हा मारतील ते त्यांना," ती म्हणाली.

"नवराबायकोत व्हतंय," मुक्ताबाई म्हणाली. "मिटलंय आता."

"हात मोडलेला होता."

"तुला काय ठावं? तू डॉक्टर हायेस?"

शालू उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग न्हायच आला. मुक्ताबाईनं माझ्याकडं बघितलं आन म्या जुड्यांकडं.

दुसऱ्या दिवशी दिगंबर रानात आला. मी वाफ्यात वाकल्यालो. त्याचे पांढरे बूट माझ्या डोळ्यांपुढं येऊन थांबले. "तात्या, वहिनी लई अभ्यास करत्यात म्हणे. कसली नोकरी हाय?"

"असंच, सरकारी," म्या म्हणालो.

"लोकांच्या बायका सोडवायची व्हय?" त्यो हसला. "चांगलं हाय. रविवारी परीक्षा ना? मी सोडतो गाडीनं. एसी हाय गाडीत."

"न्हाय, मच्छिंद्र हाय की."

"मच्छिंद्र काय, रात्री अपरात्री बस घेऊन यायचा. बिचारा दमतो. हायवेला ट्रकवाले कसे चालवत्यात, बघताय ना तुम्ही." असं म्हणून त्यानं मेथीचा एक मुठका उपटला, मुळासकट, वास घेतला आन वाफ्यात टाकून गेला. घरी हे कुणाला सांगितलं न्हाय. त्या रात्री मच्छिंद्र येईपतूर मी दारात बसून व्हतो. बायकोला म्हणालो, आत उकडतंय.

शनिवार उजाडला. शालूनं सकाळी हॉलतिकीट, पेन, पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली. जरा बरी दिसत व्हती. मला म्हणाली, "मामा, आज फक्त कायदे घ्या माझे." म्या म्हणालो, पाणी फिरवून येतो, मग बसू. आमची पाळी व्हती आन मोटार चालू झाली न्हवती. इचारावं म्हणून मी मक्याच्या कडंनं दिगंबरच्या रानाकडं गेलो.

आधी आवाज आला. दिगंबरचा न्हवं, कुसुमचा. ती "न्हाय, न्हाय" म्हणत व्हती. म्या मका बाजूला सारून बघितलं. विहिरीजवळ जेसीबी हुबा. दिगंबरच्या हातात नटबोल्ट आवळायचा मोठा पाना. कुसुम हौदाला टेकल्याली, डाव्या हाताला फडकं बांधल्यालं. मोटारीची किल्ली तिनं कुणाला तरी दिली म्हणत व्हता त्यो. त्यानं पाना घातला. खांद्यावर बसला. ती वळली तवा दुसरा पाठीवर बसला. आवाज असा झाला की माझ्या दातांत शिरला.

माझ्या हातात खोरं व्हतं. खोटं न्हाय सांगत, हातात खोरं व्हतं आन मधी मोजून चार मक्याच्या वळी. पाय उचलंना. तोंडातून हाक निघंना. मी तिथंच पाटात बसलो. पाटात पाणी न्हवतं, तरी माझं धोतर भिजलं. साठी उलटल्याला माणूस मी, भर उन्हात माझं धोतर भिजलं.

कुसुम किंचाळली, तशी घरातून शालू धावली. अनवाणी. मक्याला वळसा घालून माझ्या समोरून गेली, मी दिसलो न्हाय तिला. "भावजी, थांबा!" ती वरडली. "भावजी, हा गुन्हा आहे. कलम... कलम..." कलम तिला आठवंना. आवाज चिरकला.

"सांगा की, कुठलं कलम?" दिगंबर म्हणाला. "अभ्यास कच्चा हाय वहिनी तुमचा."

पण शालू मागं सरली न्हाय. कुसुम खाली पडल्याली, तिच्याजवळ जाऊन भुईवर बसली, तिच्या अंगावर हात टाकला आन डोकं खाली घातलं. त्यानं पाना दोघींवर उगारला. मी डोळे मिटले. वरच्या बाल्कनीतून एक बाई वरडली, "ए, काय चाललंय तिथं?" डोळे उघडले तवा पाना हौदात पडल्याला आन दिगंबर जेसीबीवर चढत व्हता.

त्यो गेल्यावर मी मक्यातून बाहेर आलो. शालूनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या धोतराकडं, मग लगेच दुसरीकडं बघितलं. "मामा, हुसेनचाचांना रिक्षा आणायला सांगा," एवढंच म्हणाली.

हुसेन आमच्या आळीच्या तोंडाशी राहतो. त्याचे वाडवडील वारज्यात कधी आले, त्यालाबी ठावं न्हाय. त्यानं एक शब्द इचारला न्हाय. रिक्षा रानापतूर आणली, मागल्या शिटवरची गादी झटकली आन आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटंत खड्डा आला की "संभालके बेटा" म्हणायचा.

दवाखान्यात मनगट मोडल्यालं निघालं. मंगळवारचंच. खांद्याचं हाड चिरल्यालं, ते आजचं. डॉक्टरीण अगदी पोरगी व्हती. तिनं इचारलं, "कसं झालं?"

"पडले," कुसुम म्हणाली.

"पाठीवर? खांद्यावर? आणि मनगट चार दिवस आधी?" डॉक्टरीण म्हणाली. "बऱ्याच जागी पडता हो तुम्ही."

कुसुमनं मान खाली घातली. मला वाटलं आता शालू बोलंल, सांगंल सारं. पण ती गप. फक्त कुसुमच्या पाण्याचा ग्लास धरून बसली व्हती. डॉक्टरीण म्हणाली, "हे मला पोलिसांना कळवावंच लागतं." तिथल्या हवालदारानं नाव-गाव घेतलं आन सांगितलं, उद्या सकाळी दहाला चौकीत या, जबाब घेऊ. शालूचं तोंड पांढरं पडलं. तिची परीक्षा उद्याच, अन् येळ बी तीच.

कुसुमला आम्ही घरी आणलं. मुक्ताबाईनं तिला हळद-दूध दिलं, पांघरूण दिलं आन मला परसात नेऊन म्हणाली, "ह्यात पडू नका. मच्छिंद्र रोज अपरात्री एकटा येतोय. पाणी दिगंबरच्या हातात हाय. मेथी जळंल आन पोरगंबी जाईल. आपण का मरायचं?" ती रडत व्हती. चाळीस वरसांत म्या तिला अशी भ्यालेली बघितली न्हवती. मला म्हणायचं व्हतं, अगं, म्या बघितलंय. पण म्हणालो न्हाय.

दिवस मावळायला दिगंबर आला. आत आला न्हाय, अंगणाच्या कडंला हुबा राहिला. हातात पिशवी. "काकी, तुमच्यातला नारळ संपला असंल म्हणून आणलाय," म्हणाला. पिशवी तुळशीपाशी ठेवली. "उद्या चौकीतनं आली की ओटी भरा आन घेऊन या तिला. मी पाया पडतो. रीत हाय आपली."

मुक्ताबाईनं तोंडावर पदर धरला. दिगंबर माझ्याकडं वळला. "तात्या, सकाळी तुम्ही मक्यात व्हता?"

"व्हतो," म्या म्हणालो. "पाण्याचं बघत व्हतो."

"काय दिसलं?"

आतल्या खोलीचं दार उघडं व्हतं. कुसुम खाटंवर, शालू खाली. दोघी ऐकत व्हत्या. मला ठावं व्हतं की त्या ऐकत्यात.

"काय न्हाय," म्या म्हणालो. "मका लई वाढलाय. काय दिसत न्हाय त्यातनं."

"मग झालं तर," दिगंबर म्हणाला आन गेला. त्याची गाडी लांब गेली. मग शालूनं बाहेर येऊन पिशवी उचलली आन परसात नेऊन ठेवली. मला काय बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी ती घरातल्याच साडीत बसली व्हती. म्या म्हणालो, "तयार न्हाय झालीस?"

"मी जात नाही, मामा. कुसुमबरोबर चौकीत जाते. परीक्षा पुन्हा निघेल."

"कधी?"

"निघेल कधीतरी."

मच्छिंद्र त्याची स्कूटर पुसत हुबा. बायकोला जा म्हणावं का राहा म्हणावं, त्याला कळंना. मग खाटंवरनं कुसुमच म्हणाली, "ताई, तुम्ही जावा. तिथं येऊन काय करणार? मी पडलेच म्हणणार हाय."

शालूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती "तसं म्हणू नकोस" म्हणाली न्हाय. "तुला वाटेल ते म्हण," म्हणाली. "मी नुसती येते."

आन माझ्याच तोंडातून निघालं, "मी जातो तिच्याबरोबर. तू परीक्षेला जा." असं कसं निघालं, मला ठाव न्हाय. निघाल्यावर माझीच पाचावर धारण बसली. मुक्ताबाई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू म्या घर पेटवलं. शालूनं मला नीट निरखून बघितलं. कालच्यानंतर पहिल्यांदा बघितलं.

"मामा, तुम्ही नुसते तिथं राहा," ती म्हणाली. "दुसरं काही करू नका."

"व्हय, नुसता राहतो," म्या म्हणालो. मलाबी तेवढंच झेपण्यासारखं वाटलं. ती साडी बदलून मच्छिंद्रच्या मागं बसून गेली. सदाशिव पेठेतल्या शाळेत तिचं केंद्र व्हतं.

हुसेननं आम्हाला चौकीत सोडलं आन रविवारी शाळेच्या पोरांचं भाडं न्हवतं म्हणून बाहेरच थांबला. समोरच्या चहाच्या टपरीवर दिगंबर मोटारसायकलीवर बसल्याला. काळी गाडी आणली न्हवती. त्यानं मला कप वर करून दाखवला, चहा घेणार का असं. म्या मान हलवली. कुसुमनं त्याच्याकडं बघितलं न्हाय, पण तिचं पाऊल वाकडं पडलं, म्या दंडाला धरलं तिला. तिचा दंड गरम व्हता, तापानं.

आत एक हवालदार, एक लेडीज पोलीस. हवालदाराला घाई न्हवती, पण उत्साहबी न्हवता. म्हणाला, "हां बाई, सांगा. काय झालं?"

"पडले."

"कुठं?"

"रानात. पाय घसरला."

"दोनदा? मनगट वेगळं, खांदा वेगळा?"

"व्हय."

हवालदारानं चष्मा कपाळावर सारला. "बरं. मग गुन्हा जमिनीवर दाखल करू? सात-बारा घेऊन या तिचा." लेडीज पोलीस त्याच्याकडं रागानं बघायला लागली. त्यो जरा वरमला. "नाही, मी काय म्हणतो, आम्ही काय ज्योतिषी आहोत का? कुणी पाहिलं असेल तर तसं सांगा. पाहिलं का कुणी?"

कुसुमनं मान हलवली. न्हाय.

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. "आजोबा, तुम्ही कोण? वडील?"

"न्हाय."

"सासरे?"

"चुलत सासरा."

"म्हणजे नवऱ्याचे चुलते." त्यो हसला, वाईट न्हाय, सवयीचं. "मग आपल्याला विचारण्यात अर्थच नाही. बसा आपण बाहेर." आन त्यानं पेनाला टोपण लावलं.

मला आता उठून बाहेर जाता येत व्हतं. कुणी बोल लावला नसता. मेथी जगली असती, मच्छिंद्र सुखरूप घरी आला असता, संध्याकाळी ओटी भरून आम्ही हिला नेली असती आन दिगंबर माझ्या पाया पडला असता. मला सारं दिसत व्हतं. मी उठलो. कुसुमनं वर बघितलं. मी जाणार, हे तिला ठावं व्हतं आन त्याचा तिला राग बी आला न्हवता. नुसती बघत व्हती. तिनं मला तेवढाच माणूस धरला व्हता. ते माझ्या काळजाला लागलं.

"म्या बघितलं," म्या म्हणालो.

"काय?" हवालदार म्हणाला. आवाज माझ्या नाकातच राहिला व्हता.

"म्या बघितलं. मी मक्यात व्हतो. ती हौदाला टेकल्याली. माझ्या पुतण्यानं, दिगंबरनं, पान्यानं मारलं. एक खांद्यावर, एक पाठीवर. पाना हौदात हाय, काढा जाऊन. मंगळवारी पहाटे ती माझ्या रानात मोडल्याला हात घेऊन बसली व्हती. आम्हीच तिला परत नेऊन सोडली."

लेडीज पोलीस पुढं सरकली. हवालदारानं टोपण काढलं आन लिहायला लागला. "सावकाश, आजोबा."

"आन माझ्या हातात खोरं व्हतं, तरी मी गेलो न्हाय. तेबी लिवा."

"त्याचा गुन्हा होत नाही," हवालदार म्हणाला.

"नसू द्या. लिवा."

त्यानं लिहिलं का न्हाय, मला ठाव न्हाय. तेवढ्यात कुसुम बोलली. खुर्चीच्या कडंला बसल्याली, प्लास्टरचा हात मांडीवर, डोळे टेबलावर. "साहेब, मी पडले न्हवते," ती म्हणाली. "ह्या येळंला न्हाय, आन आधीबी कधी पडले न्हवते. पहिल्यापासून सांगू का?"

"सांगा," लेडीज पोलीस म्हणाली.

बाहेर दिगंबरची मोटारसायकल चालू झाली. मला आवाज वळखीचा. गाडी वळली, जोरात गेली, पण कुठल्या बाजूला, ते आतून दिसलं न्हाय. घरी मुक्ताबाई एकटी व्हती. मच्छिंद्र शाळेच्या फाटकाशी, शालू आत पेपर लिहीत असंल. म्या हवालदाराला म्हणालो, "साहेब, घरी बाई एकटी हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं आन दारातल्या शिपायाला खूण केली. हुसेनची रिक्षा त्याला घेऊन निघाली, तिचा आवाजबी लगेच गेला.

कुसुम थांबली व्हती. तिनंबी मोटारसायकल ऐकली व्हती. तिची मान माझ्याकडं वळली. मला उठून घराकडं पळायचं व्हतं, आरडत पळायचं व्हतं. पण मी उठलो असतो तर ती पुन्हा पडले म्हणाली असती.

मी खाली बसलो. "सांग पोरी," म्या म्हणालो. माझे दात वाजत व्हते, ते तिला ऐकू गेले असत्याल.

ती सांगायला लागली.